ब्राउझरमध्ये हातापुरताच माल

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलेल्या जागा आणि जास्तीचे "म्हणजे" तेवढे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

मागून मध्येच धडाम् असा आवाज आला तर मोबाईल खाली टाकू नका. आज मी घरून, तेरखेड्यातून रेकॉर्ड करतोय. ज्यांना गाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. धाराशिव जिल्हा, वाशी तालुका, सोलापूर-धुळे हायवेवरचं गाव. येरमाळ्याच्या येडेश्वरीला गेला असाल तर आमच्या गावाजवळूनच गेला असाल. आणि फटाके! आमचं गाव फटाक्यांसाठी प्रसिद्ध. दिवाळी जवळ आली की हायवेला दुकानंच दुकानं, आणि लांबलांबून लोक गाड्या घेऊन खरेदीला येतात.

तर आजचा विषय तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मेसेज करून मागितलेला आहे. "दादा, तू रोज कुठली टूल्स वापरतोस? ब्राउझरमध्ये कुठली एक्स्टेन्शनं टाकलीत? यादी दे ना." यादी देतो, नक्की देतो. पण त्या यादीमागं एक किस्सा आहे. तो सांगायला मला जरा लाज वाटते, म्हणून इतके दिवस टाळत होतो. आज सांगून टाकतो.

आधी यादी.

मी २०१९ ला बीटेक झालो, पुण्यात नोकरी लागली, आणि २०२० च्या मार्चमध्ये सगळ्यांसारखा मीही बॅग उचलून गावी आलो. लॅपटॉप ४ जीबी रॅमचा. नेट म्हणजे गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ ठेवलेला मोबाईल आणि त्याचा हॉटस्पॉट. लाईट कधी जाईल सांगता येत नाही. पुण्यातल्या ऑफिसात फायबरवर बसून जी टूल्स मस्त वाटतात, त्यांची खरी परीक्षा अशा ठिकाणी होते. गच्चीवर जे टिकलं, तेच माझं आवडतं.

पहिलं नाव गिट. लिनस टॉरवाल्ड्सनं २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी हे बनवलं. कॉलेजात आपण गिट शिकतो ते "गिटहबवर प्रोजेक्ट टाकायचा असतो" म्हणून. गावात आल्यावर मला कळलं की गिट आणि गिटहब वेगळं. गिटमध्ये प्रोजेक्टचा सगळा इतिहास तुमच्याच मशीनवर असतो. नेट गेलं तरी कमिट करा, जुनी आवृत्ती काढा, नवीन ब्रँच करा, काही अडत नाही. नेट लागतं ते फक्त शेवटी पुश करताना. मी दिवसभर काम करून रात्री अकराला रेंज आली की पुश करायचो. टीममधल्यांना वाटायचं पोरगा रात्रीचा जागून काम करतो!

दुसरं व्हीएस कोड. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये आणलं आणि आज जगातले बहुतेक प्रोग्रॅमर हेच वापरतात. यात सांगण्यासारखं नवीन नाही. पण लॅपटॉप जुना असेल तर विम एकदा शिकून बघा. १९९१ मध्ये ब्रॅम मूलेनार या डच प्रोग्रॅमरनं ते पहिल्यांदा लोकांसाठी खुलं केलं. ते वारले २०२३ मध्ये, तोपर्यंत त्याच टूलवर काम करत होते. पैसे मागितले नाहीत. विम आवडलं तर युगांडातल्या गरजू मुलांसाठी मदत करा, एवढंच सांगायचे. विम उघडलं की ती ओळ अजूनही समोर दिसते. सुरुवातीला त्यातून बाहेर कसं पडायचं हेच कळत नाही, हा जगभरचा विनोद आहे, पण आठ दिवसांत हात बसतो.

तिसरं म्हणजे ऑफलाईन कागदपत्रं. डेव्हडॉक्स नावाची वेबसाइट आहे. जावास्क्रिप्ट, पायथन, रिअ‍ॅक्ट, जे लागेल त्याचं डॉक्युमेंटेशन एकदा उतरवून घ्यायचं, मग नेट नसताना बघायचं. रेंज असली की आधी हे उतरवून ठेवा.

चौथं, आणि हे तुमच्या ब्राउझरमध्ये आत्ताच आहे, टाकायची गरज नाही: डेव्हलपर टूल्स. कॉम्प्युटरवर एफ १२ दाबा. त्यातल्या नेटवर्कच्या भागात वेग मुद्दाम कमी करता येतो, म्हणजे आपली वेबसाइट मंद नेटवर कशी चालेल ते बघता येतं. माझ्या टीममध्ये हे कुणी वापरत नव्हतं. मला तर वापरायचीही गरज नव्हती, कारण माझं नेटच तसं होतं! आमच्या वेबसाइटचं पहिलं पान माझ्याकडं उघडायला पाऊण मिनिट लागायचं. मी तो व्हिडिओ काढून मीटिंगमध्ये दाखवला, तेव्हा कुठं सगळ्यांनी मोठमोठी चित्रं लहान केली. गावाकडचा प्रोग्रॅमर टीमला उपयोगी पडतो तो असा.

आपल्याकडं बनलेली दोन नावंही सांगतो, कारण पोरांना वाटतं टूल्स काय ती अमेरिकेतच बनतात. पोस्टमन सगळे वापरतात, एपीआय तपासायला. ते अभिनव अस्थाना यांनी बंगळुरूत सुरू केलं. २०१२ मध्ये ते होतं एक साधं क्रोम एक्स्टेन्शन! स्वतःची कटकट कमी व्हावी म्हणून केलेलं. लोकांना इतकं आवडलं की २०१४ मध्ये त्याची कंपनी झाली. दुसरं ब्राउझरस्टॅक. रितेश अरोरा आणि नकुल अगरवाल, दोघं आयआयटी मुंबईचे. २०११ मध्ये मुंबईत सुरू केलं. तेव्हा प्रत्येक वेबसाइट इंटरनेट एक्स्प्लोररच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये नीट दिसते का, हे तपासणं म्हणजे डोकेदुखी होती. त्यांनी सोय केली की तुमच्या ब्राउझरमध्ये बसून दुसरीकडचे खरे फोन, खरे ब्राउझर चालवून बघा.

म्हणजे बघा, एका छोट्या एक्स्टेन्शनमधून केवढं उभं राहू शकतं. म्हणून मी एक्स्टेन्शनच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कारण आता येतोय तो किस्सा.

गावात एक पोरगा लॅपटॉप घेऊन बसतो म्हणल्यावर काय होतं, तुम्हाला माहीतच आहे. गल्लीतले सगळे येतात. "बाळा, तेवढा पीक विम्याचा फॉर्म भर." "शिष्यवृत्तीचं बघ की." "पोराचं हॉल तिकीट काढून दे." मी सगळ्यांचं करायचो. कुणाला नाही कसं म्हणणार? लहानपणी त्यांच्याच घरी जेवून मोठा झालोय. आधार कार्डाचा फोटो, सातबारा, बँक पासबुकचं पहिलं पान, सगळं माझ्या लॅपटॉपवर.

आणि त्या फॉर्मांचं एक दुखणं असतं. फोटो ५० केबीच्या आतच पाहिजे. कागदपत्रं एकाच पीडीएफमध्ये जोडूनच पाहिजेत. रोज हे हातानं करून मी वैतागलो आणि एक एक्स्टेन्शन टाकलं. पीडीएफ जोडणारं. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, ते आता मिळतही नाही. चांगलं चालायचं. टाकताना क्रोमनं एक खिडकी दाखवली होती. त्यात लिहिलं होतं की हे एक्स्टेन्शन सर्व वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचू आणि बदलू शकेल. मी काय केलं? वाचलं, आणि "टाका" दाबलं. मी बीटेक. दिवसभर दुसऱ्यांचा कोड तपासून चुका काढणारा माणूस.

त्या वेळी माझ्या ब्राउझरमध्ये चौतीस एक्स्टेन्शनं होती. ऑफिसचं आणि गल्लीचं सगळं काम एकाच प्रोफाइलमध्ये.

२०२१ चा जुलै महिना. पीक विम्याची गडबड. एका सकाळी ऑफिसच्या सिक्युरिटी टीमचा फोन आला. मेल नाही, थेट फोन. तुझ्या ब्राउझरमधून एका अनोळखी सर्व्हरकडं माहिती जातेय, लॅपटॉप नेटवरून तोड. तपास झाला. ते पीडीएफवालं एक्स्टेन्शन मधल्या काळात अपडेट झालं होतं, आणि मी जे पान उघडेन त्याचा पत्ता आणि त्यात भरलेला मजकूर बाहेर पाठवत होतं.

ऑफिसचं काय, अर्ध्या तासात निपटलं. पासवर्ड बदलले, लॅपटॉप पुसून नवा केला, मला एक कडक मेल आला. नोकरी वाचली.

पण गल्लीचं काय? ऑफिसचा पासवर्ड बदलता येतो. काकूंचा आधार नंबर कसा बदलणार? बँकेचा खाते क्रमांक? जन्मतारीख?

मी वहीत नावं काढली. त्या महिन्यात मी अकरा घरांचे फॉर्म भरले होते. दोन दिवस नुसता बसून होतो. मनात एकच चाललं होतं, सांगू का नको. कुणाला कळणारही नव्हतं. शेवटी अप्पांना सांगितलं. अप्पा म्हणजे माझे चुलते. त्यांनी आयुष्यभर फटाक्याच्या कारखान्यात काम केलंय. त्यांना एक्स्टेन्शन वगैरे काही कळत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "शेडमध्ये एवढा माल ठेवलाच कशाला होतास?"

हे जरा समजावून सांगतो. फटाक्याचं काम एका मोठ्या हॉलमध्ये करत नाहीत. लांब लांब छोट्या शेड असतात. एका शेडमध्ये मोजकीच माणसं आणि हातापुरताच माल. तयार झालेला माल लगेच दुसरीकडं न्यायचा. का? तर चूक ही होणारच, माणूस आहे. पण चूक झाली तर ती एका शेडपुरती राहिली पाहिजे. यासाठी सरकारचे नियम आहेत, परवाने आहेत. ते देणाऱ्या पेसो या खात्याचं मुख्यालय आपल्या नागपूरलाच आहे. आणि हे नियम जिथं पाळले गेले नाहीत, तिथं काय झालं हे आमच्या गावानं पाहिलंय. त्यावर मी जास्त बोलणार नाही.

मी मात्र एकाच शेडमध्ये ऑफिस, गल्ली, सिनेमे, बँक सगळं भरून ठेवलं होतं, आणि चौतीस अनोळखी लोकांना आत सोडलं होतं.

मग मी अकराही घरी गेलो. प्रत्येक ठिकाणी तेच सांगितलं. माझ्या चुकीमुळं तुमची माहिती बाहेर गेली असू शकते. पोर्टलचे पासवर्ड बदलून दिले. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून दिलं, ती सोय आधारच्या वेबसाइटवर आणि ॲपमध्ये आहे. बँकेचा म्हणून कुणाचाही फोन आला, अगदी तुमचं नाव, खाते नंबर बरोबर सांगितला तरी ओटीपी द्यायचा नाही, हे दहादहा वेळा बजावलं. कुणी हसलं, कुणी म्हणलं जाऊ दे रे. एक काका मात्र चिडले. त्यांनी त्यानंतर माझ्याकडून फॉर्म भरून घेतला नाही. आजही घेत नाहीत. समोर दिसले की मी नमस्कार करतो, ते मान हलवतात. बस्स. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

आता तुम्ही म्हणाल, दादा, तू कुठलंतरी भंगार एक्स्टेन्शन टाकलंस, आम्ही चांगलीच टाकतो. म्हणून दोन गाजलेली उदाहरणं सांगतो.

द ग्रेट सस्पेंडर. कमी रॅमवाल्यांचं लाडकं एक्स्टेन्शन. न वापरलेले टॅब झोपवून ठेवायचं. वीस लाखांहून जास्त लोक वापरत होते, कोड सगळ्यांसाठी उघडा होता. २०२० मध्ये मूळ प्रोग्रॅमरनं ते विकलं. कुणाला विकलं हे लोकांना कळलंच नाही. नव्या मालकानं अपडेटमध्ये बाहेरून कोड ओढणारी भानगड घातली. काही चौकस प्रोग्रॅमरांनी ते पकडलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलनं ते स्टोअरमधून काढून सगळ्यांच्या ब्राउझरमध्ये बंद केलं. लोकांचे झोपलेले टॅब एका क्षणात गायब!

दुसरं, वेब डेव्हलपर. नावाप्रमाणंच आपल्या धंद्यातलं, खूप जुनं आणि भरवशाचं. बनवणारा माणूसही सज्जन. पण ऑगस्ट २०१७ मध्ये त्याला एक खोटा मेल आला, त्यानं लॉगिन केलं, आणि चोरांनी त्याच्या खात्यातून स्वतःची आवृत्ती सगळ्यांना पाठवली. लोकांच्या पानांवर जाहिराती दिसायला लागल्या. काही तासांत त्यानं ते सुधारलं आणि लोकांना उघडपणे सांगितलं. अशीच घटना २०२४ च्या नाताळात सायबरहेवन या कंपनीच्या एक्स्टेन्शनबाबत घडली, आणि ती कंपनी डेटा सुरक्षेचंच काम करते!

एका ठिकाणी मालक बदलला. दुसऱ्या ठिकाणी मालक तोच, पण फसला. तुम्ही टाकता त्या दिवशी एक्स्टेन्शन चांगलंच असतं. पण ते गुपचूप अपडेट होत राहतं. नवीन परवानगी मागितली तर क्रोम तुम्हाला विचारतं. सगळ्या वेबसाइटची परवानगी पहिल्या दिवशीच देऊन बसला असाल, तर विचारायला उरतंच काय?

आता माझी आजची यादी. चौतीसवरून तीनवर आलोय.

एक, यूब्लॉक ओरिजिन. जाहिराती आणि पाळत ठेवणारे कोड अडवतं. रेमंड हिल नावाचा प्रोग्रॅमर ते सांभाळतो आणि देणगीसुद्धा घेत नाही. हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याला याचं मोल विचारा, डेटा वाचतो राव! क्रोमनं एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यामुळं त्याची पूर्ण आवृत्ती आता तिथं चालत नाही, लाइट आवृत्ती चालते. फायरफॉक्सवर पूर्ण चालते. आणि नाव नीट बघून घ्या, "ओरिजिन" पाहिजे. मिळत्याजुळत्या नावाची बरीच आहेत.

दोन, बिटवॉर्डन. पासवर्ड सांभाळतं, फुकट आवृत्ती पुरते. मोठा फायदा असा की वेबसाइटचा पत्ता खोटा असेल तर ते पासवर्ड सुचवतच नाही. आपले डोळे फसतात, ते पत्त्याचं अक्षर न् अक्षर जुळवून बघतं.

तीन, रिअ‍ॅक्टची डेव्हलपर टूल्स. ती फक्त ऑफिसच्या प्रोफाइलमध्ये.

मग बाकीच्या एकतीस कामांचं काय? त्यातली बरीचशी कामं ब्राउझर स्वतःच करतो, आपल्याला माहीत नसतं. टॅब झोपवायला क्रोममध्ये आता मेमरी सेव्हर आहे. पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट फायरफॉक्समध्ये राइट क्लिक करून मिळतो. जेसन नीट मांडून दाखवायलाही फायरफॉक्सला वेगळं काही लागत नाही. आणि पीडीएफ जोडायला क्यूपीडीएफ, फोटो लहान करायला इमेजमॅजिक. दोन्ही तुमच्याच मशीनवर चालतात, कागद बाहेर जात नाही. इमेजमॅजिकला तर सांगता येतं की मला ५० केबीच्या आतच पाहिजे. ज्यासाठी मी अकरा घरांची माहिती उघडी टाकली, ते काम एका ओळीच्या कमांडचं होतं.

आता ज्यांच्याकडं लॅपटॉप नाही, फक्त फोन आहे, त्यांच्यासाठी. मला माहितीय तुम्ही जास्त आहात. ॲन्ड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालत नाहीत. फायरफॉक्समध्ये चालतात, २०२३ च्या डिसेंबरपासून तर शेकडो उपलब्ध झाली. यूब्लॉक ओरिजिन तेवढं टाका, पुरे. आणि टर्मक्स नावाचं ॲप बघा. फोनमध्येच लिनक्सची कमांड लाइन मिळते. गिट, पायथन, विम, मघाशी सांगितलेलं क्यूपीडीएफ आणि इमेजमॅजिकसुद्धा त्यात चालतं. घेताना एफ-ड्रॉइडवरून घ्या. लॅपटॉप येईपर्यंत थांबू नका, कोड लिहायला फोनवरही सुरुवात होते.

शेवटी आज रात्री करायचं एक काम. पाच मिनिटांचं.

ब्राउझरमधली एक्स्टेन्शनची यादी उघडा. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: गेल्या महिन्यात तुला वापरलं का? नाही, तर काढा. नुसतं बंद करू नका, काढा. जे ठेवाल त्याच्या "तपशील" मध्ये जाऊन क्रोममध्ये "सर्व साइटवर" ऐवजी "क्लिक केल्यावर" निवडता येतं का बघा. ऑफिस, कॉलेज आणि घर यांची प्रोफाइल वेगळी करा. आणि कुणा दुसऱ्याचा फॉर्म भरून देत असाल, तर क्रोमची गेस्ट विंडो उघडून भरा. तिथं तुमची एक्स्टेन्शनं चालत नाहीत, आणि विंडो बंद केली की लॉगिन, हिस्टरी पुसली जाते. डाउनलोड केलेली फाइल मात्र तशीच राहते, ती आठवणीनं पुसा. फोनमधले आधारचे फोटो पण.

मी अजूनही गल्लीचे फॉर्म भरतो. सुट्टीला आलो की दारात लोक असतातच. फक्त आता गेस्ट विंडो उघडतो, काम झालं की त्यांच्यासमोरच फाइल पुसतो आणि स्क्रीन फिरवून दाखवतो, "बघा काकू, गेलं." काकूंना त्यातलं काही कळत नाही, पण त्या बघतात.

अप्पा परवा विचारत होते, "आता किती माल ठेवतोस रे शेडमध्ये?" म्हणलं, हातापुरताच.

चला, तुमच्या ब्राउझरमध्ये किती निघाली ते मेसेज करून सांगा, लाजू नका, माझी चौतीस होती. भेटू पुढच्या भागात. आणि फटाके उडवणार असाल तर जपून उडवा.